श्टुटगार्टमधलं आमचं घर आणि युरोपातली भटकंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही २०१७ मध्ये पुण्याहून श्टुटगार्टला आलो तेव्हा लेक अकरा महिन्यांची होती. मुलगा इथेच झाला. नवरा मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे, मी तीन वर्षं घरी होते आणि आता अर्धवेळ नोकरी करते. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून इकडे येऊ घातलेल्या कुटुंबांचे फोन येत असतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. बहुतेकांचा पहिला प्रश्न पॅरिस आणि स्वित्झर्लंडचा असतो. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं : पहिलं वर्ष घर, शेजार आणि मुलांची शाळा यांना द्या. पॅरिस इथून रेल्वेने सव्वातीन तासांवर आहे, ते कुठे जात नाही.

श्टुटगार्टच का?

नोकरी तिथे घर. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश या तिघांचीही मुख्यालयं याच परिसरात आहेत, त्यामुळे चाकण-पिंपरीकडची माणसं इथे कायम ये-जा करत असतात. झिंडेलफिंगेन-ब्योब्लिंगेनच्या लोकलमध्ये मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं तर दचकू नका. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरंही आहेत. शहर वाटीसारख्या खोलगट जागेत वसलंय, चारी बाजूंना टेकड्या आणि टेकड्यांवर थेट शहरात उतरणारे द्राक्षमळे. टेकडीवरच्या घरांना जायला दगडी पायऱ्या आहेत, त्यांना इथे श्टेफेले म्हणतात आणि अशा वाटा चारशेहून जास्त आहेत. पर्वती चढायची सवय असेल तर पहिल्याच आठवड्यात शहर आवडेल.

भाड्याचं घर कसं मिळतं? जाहिरातीतले दोन-दोन आकडे कसले?

काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा वगैरे धरलं की होतं वार्ममीटे. वीज आणि इंटरनेट बहुधा त्यावर वेगळं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे, हे माहीत असू द्या.

आपल्या लोकांना धक्का बसतो तो स्वयंपाकघराचा. पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय भाड्याने देतात. म्हणजे खोली असते, पण ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ आणि वायरी तेवढ्या. आम्ही पहिले तीन आठवडे एका इंडक्शन शेगडीवर, भांडी न्हाणीघरात धुऊन काढले. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ हा शब्द असेल तर स्वयंपाकघर बसवलेलं आहे. बाळ घेऊन येत असाल तर तेच घर बघा, थोडं महाग पडलं तरी.

आणि घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय, किल्ली हातात आल्याशिवाय कुणालाही अनामत पाठवू नका. ‘मालक परदेशात आहेत, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं सांगणारा माणूस फसवणारा असतो.

आल्यावर पहिलं सरकारी काम कोणतं?

आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. कर-क्रमांक आणि पुढची बरीच कामं या एका नोंदणीवर अडलेली असतात.

त्याच दिवशी पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. इथे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन नुसतं आडनाव बघून पत्र टाकतो. घरात दोन आडनावं असतील तर दोन्ही लावा. माझं पासपोर्टवरचं आडनाव माहेरचं आहे. आम्ही नवऱ्याचं तेवढं लावलं होतं, म्हणून माझं विम्याचं कार्ड दोनदा परत गेलं आणि तान्ह्या मुलीला घेऊन मी महिनाभर कार्डाशिवाय होते.

पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे, त्याने अडतं का?

अडत नाही, पण गोंधळ होतो. आपल्या पासपोर्टवर मुलाचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात येतं. इथल्या कचेरीला ती मुलाचीच दोन नावं वाटतात. मग किटाच्या, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीच्या, यादीत, दवाखान्यात, वाचनालयाच्या कार्डावर पोराचं नाव बापाच्या नावासकट छापून येतं, आणि कधी बाई त्याला बापाच्याच नावाने हाक मारतात. पहिल्याच भेटीत हाक मारायचं नाव कोणतं ते सांगून ठेवा. फॉर्मवर मात्र पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर लिहायचं.

केअरवोखे म्हणजे काय? खरंच जिना झाडावा लागतो?

हो, आणि मनापासून झाडा. केअरवोखे म्हणजे झाडण्याचा आठवडा. श्वाबेन भागातली ही जुनी रीत. दर आठवड्याला आपापली घाण शहराबाहेर नेलीच पाहिजे, असं श्टुटगार्टच्या १४९२ च्या नियमांतच होतं. रस्ता झाडायची साप्ताहिक सक्ती शहराने १९८८ मध्ये उठवली, पण भाडेकरारांत ती टिकून आहे. करार नीट वाचा. छोटी केअरवोखे म्हणजे आपल्या मजल्याचा जिना. मोठी म्हणजे तळघर, दारासमोरचा फुटपाथ, कचऱ्याचे डबे बाहेर काढणं, आणि हिवाळ्यात बर्फ ओढणं.

आमच्या इमारतीत दोरी ओवलेली एक लाकडी पाटी आहे. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला ती लटकते आणि आठवडा संपला की आपण ती शेजारच्या मुठीला अडकवायची. पहिल्यांदा ती आमच्या दाराला दिसली तेव्हा मला वाटलं कुणाची तरी चुकून राहिली. शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. तेव्हा ऐंशीच्या आसपास असतील. माझं जर्मन म्हणजे ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’. त्यांनी माझ्या हातातला झाडू घेतला आणि पायरीचा कोपरा कसा काढायचा ते दाखवलं : आधी भिंतीकडची बाजू, मग कठड्याकडची, शेवटी मधला भाग, आणि मग पिळून घट्ट केलेल्या फडक्याने वरून खाली. पायरी ओली राहता कामा नये, कुणी घसरेल. मी त्यांच्यासमोर चार पायऱ्या केल्या. त्यांनी मान हलवली आणि खाली गेल्या.

त्या दिवाळीत मी त्यांना नारळाच्या वड्या दिल्या. डबा परत आला तो मनुका घातलेला केक घेऊन. मुलगा झाला तेव्हा तीन पाळ्या आमच्या होत्या आणि तिन्ही वेळा पाटी आमच्या दारापर्यंत आलीच नाही. आजींनी ती मधल्या मधे स्वतःच्या दाराला लावून घेतली होती. माझ्या आईने येऊन केलं असतं तसंच ते होतं. म्हणून कुणी ‘सफाईवाला लावून टाका’ असा सल्ला दिला तर मी निदान पहिल्या वर्षी तरी नको म्हणते. जिना झाडताना शेजाऱ्यांची ओळख होते, दुसरीकडे कुठे ती इतक्या लवकर होत नाही.

कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, फोडणी : शेजारी तक्रार करतात?

दिवसा कुणी काही म्हणत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची आणि रविवारी पूर्ण दिवस. म्हणजे रविवारी भिंतीत ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या त्यांच्या पिंपात टाकायच्या नाहीत. इडलीचं पीठ आदल्या दिवशी वाटून ठेवा.

फोडणीचं म्हणाल तर धुराची सूचना देणारी यंत्रं झोपायच्या खोल्यांत आणि वाटेवर बसवलेली असतातच. मिरचीची फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी. खिडकीचा नियम तर हिवाळ्यातही आहे. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर उणे तापमान असलं तरी. आपल्या घरात भात-वरणाची वाफ भरपूर असते. हवा बदलली नाही तर खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते आणि घर सोडताना ती अनामतीतून वसूल होऊ शकते.

बाटल्या परत देतात म्हणे?

हो. प्लास्टिकच्या एकदा वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात बाटली घाला, चिठ्ठी घ्या, गल्ल्यावर द्या. पोरांना हे काम फार आवडतं. आमच्याकडे ते पैसे त्यांचे.

जर्मन शिकायलाच हवं का? ऑफिसात इंग्रजी चालतं ना?

ऑफिसात चालतं. डॉक्टरच्या फोनवर, किटातल्या पालकसभेत, जिन्यात चालत नाही. ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास-परवाना. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येताना जर्मनची परीक्षा लागत नाही आणि आल्याबरोबर नोकरी करायची मुभा असते, ही चांगली सोय आहे. पण तिच्यामुळेच पुष्कळ जणी ‘नंतर बघू’ म्हणतात आणि चार-चार वर्षं घरात अडकून पडतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. चांगल्या शिकलेल्या मुली, पुण्यात टीम सांभाळणाऱ्या, आणि इथे दाताच्या डॉक्टरची वेळ घ्यायलाही नवऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीची वाट बघतात. तुमच्या भागातल्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे सार्वजनिक प्रौढशिक्षण केंद्रात, नाव घाला. फी आवाक्यातली असते. बाळ लहान असेल तर नवऱ्याने आठवड्यातून दोन संध्याकाळी घर सांभाळावं, हे येण्याआधीच बोलून ठेवा.

इथली बोली श्वाबियन आहे, तिच्यात प्रत्येक गोष्टीला ‘ले’ लागतो. घराचं घरकुल आणि पिलाचं पिल्लू करावं तसं. वर्गात शिकलेलं जर्मन आणि भाजीवालीचं जर्मन वेगळं वाटलं तर घाबरू नका, तीन महिन्यांत कान बसतो.

किटात जागा मिळते का?

कायद्याने एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा हक्क आहे, ऑगस्ट २०१३ पासून. प्रत्यक्षात रांग असते. पत्त्याची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात अर्ज करा, शक्य तितक्या किटांत करा, आणि दर दोन महिन्यांनी शांतपणे चौकशी करत राहा. आम्हाला चौदा महिने लागले.

जागा मिळाली की पहिल्या दिवसापासून आठ तास मूल ठेवता येत नाही. आधी सवय लावायचा काळ असतो, आइनगेव्योनुंग. पहिले दिवस आई किंवा बाबा खोलीत कोपऱ्यात बसतात, तासाभराने मुलाला घेऊन घरी. मग एके दिवशी ताई सांगते, आता ‘येते’ म्हणून दहा मिनिटं बाहेर जा. गुपचूप निघून जायचं नाही, मुलाला सांगूनच जायचं. मग वीस मिनिटं, मग एक झोप. सगळं मिळून दोन ते चार आठवडे. माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगं, बालवाडीच्या दारात तुला सोडून मी मागे न बघता निघाले होते, तू तासभर रडत होतीस.’ ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मीही बसले असते.’ नव्या नोकरीची तारीख ठरवताना हे चार आठवडे धरूनच ठरवा.

सामानात घरातल्या चपला, रबरी बूट आणि माचहोजे, म्हणजे चिखलात खेळायची रबरी पँट. पाऊस असो, बर्फ असो, मुलं रोज बाहेर जातात. आपल्याकडून आलेल्या आयांना सर्दीची धास्ती वाटते. मीही पहिल्या नोव्हेंबरात खिडकीतून लेकीला चिखलात बसलेली बघून कासावीस झाले होते. दोन हिवाळे गेले की मुलंच काटक होतात. ११ नोव्हेंबरच्या सुमारास संत मार्टिनचा कंदील-मोर्चा असतो. मुलांनी स्वतः केलेले कागदी कंदील काठीला लावून अंधारात गाणी म्हणत जायचं. दिवाळी त्याच्या पुढे-मागेच येते, तेव्हा आकाशकंदील आणि हा कंदील आमच्या बाल्कनीत शेजारी-शेजारी टांगलेले असतात.

वाढदिवसाचे काही वेगळे नियम?

आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन मानतात. आणि वाढदिवस ज्याचा, केक त्यानेच ऑफिसात न्यायचा.

शाळा कशी आहे?

सहाव्या वर्षी सुरू होते. ३० जूनपर्यंत सहा पूर्ण झालेलं मूल त्याच सप्टेंबरात पहिलीत. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात त्याच्याएवढा पुठ्ठ्याचा शंकू देतात, शूलट्यूटे, आत खाऊ आणि पेन्सिली. आजी-आजोबांना बोलवायचं असेल तर मुंजीच्या तोलाचा हा दिवस आहे, त्या वेळी बोलवा. मधल्या सुट्टीच्या डब्याला इथे फेस्पर म्हणतात. पोळीचा रोल, काकडी, सफरचंद असलं की झालं.

चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. लेक आता चौथीत आहे, त्यामुळे हा विषय आमच्या घरात रोज आहे. शिक्षकांची शिफारस, कोम्पास ४ ही चाचणी आणि पालकांची इच्छा या तिन्हींतल्या दोन गोष्टी जुळल्या की गिमनाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, प्रवेश मिळतो. जर्मन कच्चं असेल तर हुशार मूलही मागे पडतं, म्हणून आठव्या-नवव्या वर्षी मूल घेऊन येणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार विमानाच्या तिकिटाआधी करावा.

सुट्टी सोडून मुलांना शाळेतून काढता येत नाही. ‘तिकीट स्वस्त आहे, चार दिवस आधी निघतो’ हे चालत नाही, दंड होऊ शकतो. आमच्या राज्यात उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या शेवटी लागते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. म्हणून गणपती कधी सुट्टीत येतो, कधी शाळा सुरू झाल्यावर.

मुलाला पोहायला घाला. सीहॉर्सचा छोटा बिल्ला, झेपफेर्डशन, मिळवण्यासाठी उडी मारून पंचवीस मीटर पोहायचं आणि खांद्याइतक्या पाण्यातून तळाची वस्तू काढून आणायची. वर्गातल्या बहुतेकांच्या पोहण्याच्या पिशवीवर तो शिवलेला असतो.

आजारपणात काय?

सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. मुलांच्या तपासण्या ठरलेल्या आहेत, पिवळ्या वहीत लिहितात, ती वही पासपोर्टसारखी जपा. तातडीला ११२. रात्री ताप चढला पण रुग्णवाहिकेइतकं काही नाही, तर ११६११७. साध्या तापाला डॉक्टर बहुतेक वेळा आराम आणि भरपूर पाणी सांगतील, अँटिबायोटिक पटकन देत नाहीत. लेकीच्या पहिल्या तापात मला वाटलं यांनी लक्षच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

आपलं जेवण मिळतं का?

मिळतं, आणि थोडं डोकं लावलं तर छान होतं. भारतीय दुकानात पोहे, साबुदाणा, डाळी, कणिक सगळं असतं. कोथिंबीर आणि भेंडी तुर्की दुकानातून घ्या. सुपरमार्केटात कोथिंबिरीच्या चार काड्या कुंडीत मिळतात, तुर्की दुकानात तेवढ्याच पैशांत जुडी येते. मैद्याला इथे आकडे असतात : ४०५ म्हणजे आपला मैदा, १०५० थोडा कोंडा असलेला. कणिक संपली तर १०५० च्या पोळ्या होतात, पीठ जरा जास्त वेळ मळून झाकून ठेवायचं. रव्यात दोन जाती आहेत. शिऱ्याला मऊ गव्हाचा, वाइखवाइत्सेन लिहिलेला घ्या.

आणि श्रीखंड. आमचा शोध हाच की क्वार्क म्हणजे जवळजवळ चक्का. डब्यावर ४० टक्के लिहिलेला घ्या, बिनस्निग्धांशाचा मागेरक्वार्क आंबट आणि कोरडा लागतो. अर्धा किलो क्वार्क पातळ फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये गाळणीवर ठेवते. सकाळी खाली अर्धी वाटी पाणी साठलेलं असतं. मग पिठीसाखर, दुधात खललेलं केशर, वेलची आणि जायफळ, पुरणयंत्रातून एकदा काढायचं. गुढीपाडव्याला खालच्या आजींना वाटीभर देते. त्यांच्या लहानपणापासून क्वार्क खाल्लेल्या जिभेला केशराचा क्वार्क नवा होता. आता मार्च लागला की त्याच विचारतात, ‘तुमचं नवं वर्ष यंदा कधी?’

शाकाहारी माणसाने बाहेर काय खावं?

श्पेट्झले म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या जाडसर शेवया. अंडं चालत असेल तर चीज घातलेलं श्पेट्झले बिनधास्त. मसूर आणि श्पेट्झले हा इथला खास पदार्थ, आपल्या आमटीच्या जवळचा, पण वर सॉसेज असतं आणि मसूर कधी मांसाबरोबर शिजवलेले असतात. माउलटाशनमध्ये, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या पिठाच्या पुड्यांमध्ये, भाजीचा प्रकार मिळतो, विचारून घ्या. सगळ्यात जास्त फसगत होते बटाट्याच्या सॅलडने. श्वाबियन पद्धतीत ते मांसाच्या रश्श्यात भिजवतात, वरून काही दिसत नाही. माझे सासरे माळकरी आहेत, म्हणून मी ‘फ्लाइशब्रुए आहे का?’ हा प्रश्न पाठच केला.

हिवाळा झेपतो का?

थंडी झेपते, अंधार जड जातो. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. रोज दुपारी अर्धा तास तरी बाहेर पडा, डॉक्टरांना व्हिटॅमिन डीबद्दल विचारा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा मुलांना झोपवायला जाड पडदे लागतात. घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणून भारताशी अंतर उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. आईबाबांना हे दोन्ही वेळा फोन करून सांगावं लागतं, नाहीतर ते आठ वाजता फोनजवळ येऊन बसतात.

आता फिरण्याचं सांगा. मुलांना घेऊन स्वस्तात कसं जायचं?

डॉइचलांड तिकीट घ्या. मे २०२३ मध्ये ते महिन्याला ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात, वेगवान आयसीई येत नाही. सहा वर्षांखालची मुलं फुकट. लांबच्या गाड्यांत चौदा वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात, पण सहाच्या पुढची असतील तर तिकिटावर नोंद हवी. फुकट प्रवास म्हणजे बसायला जागा असं नाही, मुलांसाठीही जागा राखून ठेवा. आम्ही एकदा म्युनिकपर्यंत दोन्ही पोरांना मांडीवर घेऊन गेलो आहोत.

पहिली सहल कुठे करू?

जवळची करा. माझी पसंती उल्मला. प्रादेशिक गाडीने तासाभराचा रस्ता. तिथल्या चर्चचा मनोरा १६१ मीटरांहून उंच, चढायला ७६८ पायऱ्या. शेवटचा टप्पा इतका अरुंद आहे की समोरून माणूस आला तर भिंतीला चिकटावं लागतं. लेक सात वर्षांची असताना मोजत चढली. पाचशेच्या पुढे तिचं मोजणं चुकलं आणि ती रडायला लागली. मागून येणाऱ्या एका अनोळखी बाईंनी त्यांचा आकडा तिला दिला आणि दोघी पुढे मोजत वर गेल्या. आइन्स्टाइन १८७९ मध्ये याच गावात जन्मले.

त्याहून जवळ वाइल डेर श्टाट, लोकलचं शेवटचं स्टेशन, केपलरचं जन्मगाव. पावसाच्या दिवशी श्टुटगार्टचीच विल्हेल्मा बाग, प्राणी आणि झाडं दोन्ही. उन्हाळ्यात एकदा ऱ्हाइनचा धबधबा बघून या, शाफहाउझेनजवळ, २३ मीटर उंच आणि दीडशे मीटर रुंद. मात्र तो स्वित्झर्लंडात आहे. तिथे युरोपीय संघाचे मोफत रोमिंगचे नियम लागू नाहीत, सीमा ओलांडण्याआधी मोबाइलचा डेटा बंद करा.

एकाच व्हिसावर सगळा युरोप फिरता येतो?

सगळा नाही. जर्मनीचा निवास-परवाना आणि चालू पासपोर्ट असेल तर शेंगेनच्या, म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या गटातल्या, इतर देशांत दर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जाता येतं. शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत, रोमानिया आणि बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. इंग्लंड आणि आयर्लंडला वेगळा व्हिसा. परवान्याचं कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा, नुसत्या कार्डावर सीमा ओलांडू नका. मुलांचीही कार्डं. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला दीड तासात पोचतो म्हणून आम्ही एकदा मुलाचा पासपोर्ट घरीच ठेवून निघालो होतो आणि स्टेशनवरून परत फिरलो.

गाडी चालवता येते?

भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून सहा महिने. त्यानंतर इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा दोन्ही द्याव्या लागतात.

आईवडिलांना कसं बोलवायचं? ते रमतात का?

तीन महिन्यांचा भेटीचा व्हिसा मिळतो, किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागतो. तुम्ही खर्चाची हमी देणार असाल तर इथल्या परदेशी-नागरिक कचेरीतून हमीपत्र घ्यावं लागतं. तिथली वेळ आठवडे-आठवडे मिळत नाही, आधी ती घ्या.

मे ते ऑगस्ट या काळात बोलवा. आणि त्यांना फिरवत सुटू नका. पहिल्या खेपेला आम्ही सासू-सासऱ्यांना बारा दिवसांत चार देश दाखवले. सासूबाईंचे गुडघे सुजले आणि त्यांच्या आठवणीत विमानतळ आणि स्वच्छतागृहं तेवढी उरली. दुसऱ्या खेपेला कुठेच नेलं नाही. सासरे रोज सकाळी द्राक्षमळ्यातून फिरायला जायचे. वाटेत भेटणारा प्रत्येक जण ‘ग्र्युस गॉट’ म्हणतो, म्हणजे देवाच्या नावाने नमस्कार. त्यांना अर्थ कळल्यावर ते उत्तरात ‘रामकृष्णहरी’ म्हणायला लागले. महिनाभरात मळ्यात काम करणारे एक आजोबा त्यांना बघून हात वर करून ‘हरी’ म्हणायचे.

मुलांचं मराठी टिकतं का?

घरात बोललात तर टिकतं. आम्ही घरात मराठीच बोलतो आणि मुलांनी जर्मनमध्ये विचारलं तरी उत्तर मराठीतच देतो. भाऊ-बहीण आपसांत जर्मन बोलतात, तिथे मी अडवत नाही. रोज रात्री एक गोष्ट मराठीतून, आणि रविवारी आजीबरोबर फोनवर वाचन. किटातल्या ताईंनीही आम्हाला हेच सांगितलं होतं, की घरची भाषा पक्की ठेवा, जर्मन आम्ही शिकवू.

कायमचं राहणार का? नागरिकत्व घेणार?

ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी, आणि बी-१ पातळीचं, म्हणजे रोजच्या व्यवहाराला पुरेल इतकं, जर्मन असेल तर २१ महिन्यांनी कायम निवासाचा परवाना मिळू शकतो. नागरिकत्वाला पाच वर्षं लागतात. जून २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व मान्य करते, भारत करत नाही, म्हणजे भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं, कार्ड घ्यायचं. आमचं अजून ठरलेलं नाही. नवरा तयार आहे, मला तो पासपोर्ट खिडकीतून आत सरकवायला जमेल असं वाटत नाही. दोघंही आम्ही एकमेकांचं ऐकतो आहोत.

येताना बॅगेत काय आणू?

दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणायला प्रवाशांना बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी नाही. हापूसही नाही, ताज्या फळांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळं, अननस, खजूर अशी मोजकी फळं त्यातून सुटलेली आहेत. पेढे विमानतळावर काढून घेतले की वाईट वाटतं, विशेषतः आईने बांधून दिलेले असले की. तूप इथल्या लोण्याचं घरी कढवा, सुंदर होतं.

आणा ते हे : गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, कुकरच्या दोन जादा रिंगा, पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकाचा साचा, मुलांची मराठी पुस्तकं, जन्मदाखले आणि विवाहनोंदणीचा दाखला. आणि तीन-चार नारळ जास्त आणा. जिन्यातल्या शेजाऱ्यांसाठी वड्या कराव्या लागतील.